सॅन्टनच्या हाताची जागा

आचोळे, ८ जून २०२५

हेलनवहिनी,

फोन ठेवून हा मास्तर पत्र कशाला लिहितो, असे तुम्हाला वाटेल. गेल्या तीन फोनांचा अनुभव असा की पलीकडे तुम्ही रडता आणि अलीकडे मी विनोद करतो. दोन्ही कामे एकाच वेळी चालू असली की एकही धड होत नाही. पत्राचे बरे असते. मस्कतला पोहोचेपर्यंत माझा विनोद शिळा होईल आणि तुमचे उत्तर येईपर्यंत रडणे सुकलेले असेल.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे गेल्या रविवारी नंदाखालला जाऊन तुमचे घर उघडले. घर ठीक आहे. केळी वाढल्या आहेत, त्यांना मालक हजर असावा लागत नाही. सॅन्टनची बेस गिटार माळ्यावर होती. पेटीला आतून बुरशी धरली आहे, म्हणून नुसती गिटार चादरीत गुंडाळून रिक्षाने आचोळ्याला आणली. रिक्षावाल्याने विचारले, आजारी कोण आहे.

आता आजाऱ्याची अवस्था. मूळचा रंग डाळिंबी असावा. तो आता फक्त कडेच्या सांदीत सापडतो. वरच्या कडेवर, जिथे सॅन्टनचा उजवा हात टेकायचा, तिथे वीतभर लाकूड उघडे पडले आहे. तारांच्या वर अंगठा टेकायचा तिथे बशीएवढा खळगा नाही, पण खळग्याची इच्छा दिसते. पाठीवर पट्ट्याच्या बकलाने ओरखडे काढलेत, जणू कोणी तिथे कांदा चिरत होते. खालच्या टोकाचे तीन टवके टेम्पोत चढवता-उतरवताना गेले असणार. सव्वीस वर्षे विरारपासून आगाशीपर्यंत लग्ने वाजवली माणसाने. दिवसा आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायचा, तेव्हा एका नळीलाही कधी चरा पडला नाही. सगळी दांडगाई हिच्यावर काढली.

सौ. मनोरमेने तिला आमच्या दिवाणखान्यात जागा दिली आहे. आता हिचे काय करायचे ते कळवा.

तुमचा,
रामनाथ


मस्कत, २२ जून २०२५

रामनाथ भाऊजी,

पत्र मिळाले. वॉर्डमधल्या मुलींनी पाकीट बघून विचारले, कोर्टाचे आहे का. हल्ली घरून पत्र कोणाला येते?

तुम्ही आणि मनोरमाताईंनी एवढा त्रास घेतला, देव भले करो. मी ठीक आहे. ड्युटी असते, दिवस जातो. रडत नाही आता, तुम्ही उगाच काळजी करू नका.

सॅन्टनच्या दुसऱ्या पुण्यतिथीची मिस्सा ११ ऑक्टोबरला आपल्या नंदाखालच्या चर्चमध्ये आहे. मी रजा मागितली आहे. गायनमंडळ म्हणते की फोटोबरोबर गिटारही आल्तारापाशी, वेदीजवळ, ठेवू या, चाळीस वर्षांत इतका सुरात वाजवणारा गावात झाला नाही. मी हो म्हटले. पण आता तुमचे वर्णन वाचून धसका बसला. सगळा गाव येणार, सॅन्टनच्या बहिणी येणार. बायको परदेशात आणि नवऱ्याची वस्तू माळ्यावर सडली, असे बोलायला लोकांना काय लागते? तेवढी जरा नीटनेटकी करून ठेवाल का? बुरशी, धूळ वगैरे. चारचौघांत लाज राहील इतकी.

आणखी काही नको.

हेलन


आचोळे, ४ जुलै २०२५

हेलनवहिनी,

तुमची आज्ञा शिरसावंद्य. लाज राहील इतकीच काय, अभिमान वाटेल इतकी व्यवस्था केली आहे.

थोडे शास्त्र ऐका, नाहीतरी तीस वर्षांत वर्गात कोणी ऐकलेले नाही. आमच्यात देवाची मूर्ती शतकानुशतके दुधादह्याने झिजते. नाक जाते, डोळे पुसट होतात. म्हणून देवाला कोणी निवृत्त करत नाही. जाणकाराला बोलावून तिच्यावर वज्रलेप करतात. गेलेले नाकडोळे परत येतात आणि पुढची झीज थांबते. जीर्णाचा उद्धार करणाऱ्याला नवे बांधणाऱ्यापेक्षा अधिक पुण्य, असे सांगतात. पुण्याच्या बाबतीत माझी शिल्लक तुम्हाला माहीत आहे, तेव्हा संधी सोडली नाही.

पाचूबंदरला मार्सेल नावाचा गृहस्थ आहे. सध्या मासेमारी बंद, सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि हा एकेक होडी रंगवतो. किल्ल्याच्या बाजूने गेलात तर त्याच्या होड्या लांबून ओळखू येतात. नवरीसारख्या दिसतात, फक्त वजन जास्त. त्याने सॅन्टनला आपल्या भाचीच्या लग्नात ऐकले होते. गिटार बघून गहिवरला. "मास्तर, असी उगडी ठेवतात काय कुनी?" म्हणाला. त्यांच्यात होडी बिनरंगाची ठेवणे म्हणजे घरात बाई आजारी असताना औषध न आणणे. गिटार सध्या त्याच्याकडे हवापालटाला आहे. यापुढचे सांगणार नाही. आल्तारापाशी तुमच्या नणंदा काय म्हणतात, ते तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐका.

मनोरमा म्हणते, आधी वहिनींना विचारा. मी म्हटले, विचारून केलेल्या गोष्टीत अचंबा कसला?

तुमचा,
रामनाथ


मस्कत, ९ जुलै २०२५

रामनाथ भाऊजी,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. मागच्या पत्रात मी लोकांचेच लिहिले. माझे लिहिले नाही.

सॅन्टनला जाऊन दोन वर्षे होतील. त्याचे कपडे आम्ही महिन्याच्या मिस्सेनंतर गरिबांना वाटले, तशी रीत आहे. मी स्वतः घडी घालून दिले. आता एकही नाही. फोटो म्हणाल तर शेकड्यांनी आहेत, पण बेसवाल्याचा फोटो कोण काढतो? सगळ्यांत पुढे गाणारा, मागे ड्रम, आणि कडेला अर्धा सॅन्टन. कुठे खांदा कापलेला, कुठे नुसती गिटारीची मान. लग्नाच्या व्हिडिओंतही तेच. पूर्ण असा फक्त आमच्या लग्नातला आहे, तिथे तो सत्तावीस वर्षांचा आणि घाबरलेला. तो माझा सॅन्टन नाही. माझा पन्नाशीचा होता.

परवा ड्युटीवर एका पेशंटचा हात धरून सलाइन लावत होते आणि एकदम लक्षात आले, सॅन्टनचा हात केवढा होता ते मला आठवत नाही. कोपरापासून मनगटापर्यंत. बायकोला एवढे आठवू नये?

मग तुमचे पहिले पत्र पुन्हा वाचले. वरच्या कडेला वीतभर लाकूड उघडे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. भाऊजी, ती त्याच्या हाताची जागा आहे. सव्वीस वर्षे घामाने आणि घासून त्याने तिथे आपला हात सोडला आहे. दुसरीकडे कुठेच तो पुरता उरलेला नाही.

म्हणून सांगते, त्या जागेला फडकेसुद्धा लावू नका. लोकांना काय बोलायचे ते बोलू द्या. मिस्सा झाली की गिटार मी इकडे घेऊन येणार आहे. मला वाजवायची नाही. संध्याकाळी ड्युटीवरून आले की त्या लाकडावर हात ठेवून बसायचे आहे, एवढेच.

एक कराल? तुमचा हात तिथे ठेवून बघा आणि कसे लागते ते लिहा. मला धीर निघत नाही.

हेलन


आचोळे, २४ जुलै २०२५

हेलनवहिनी,

तुमचे ९ तारखेचे पत्र सोमवारी मिळाले. माझे ४ तारखेचे तुम्हाला मधल्या काळात मिळाले असेल. त्यातले पाचूबंदरचे प्रकरण मनावर घेऊ नका. मार्सेलला गिटार नुसती दाखवायला नेली होती. तो होडीवाला, त्याला ह्यातले काय कळणार? परत आणली आहे. चादरीत आहे. सुखरूप आहे.

तुम्ही सांगितलेत तसा हात ठेवून पाहिला. लाकूड अगदी गुळगुळीत लागते, जुन्या पाटासारखे. मध्ये किंचित खोलगट. हात आपोआप जागेवर बसतो, शोधावे लागत नाही. कडेचा डाळिंबी रंग जिथे संपतो तिथे फिकट पिवळी रेघ आहे, ओहोटीनंतर वाळूवर राहते तशी. लाकूड घामाने काळसर झाले आहे. वास मात्र काही येत नाही. मी घेऊन पाहिला, मनोरमा स्वयंपाकघरात असताना.

इकडे सगळे ठीक. नववीच्या वर्गाला या वर्षी संस्कृत घेणारे अकराजण आहेत. त्यांतले सहा मार्कांसाठी आणि पाच चुकून.

प्रकृतीला जपा.

रामनाथ


मस्कत, ५ ऑगस्ट २०२५

रामनाथ भाऊजी,

तुमची दोन्ही पत्रे मिळाली. पहिले वाचून फोन हातात घेतला आणि परत ठेवला. दुसरे आल्यावर बसून रडले, मग तुमचे संस्कृतचे अकराजण वाचून हसले. तुम्ही म्हणता तसे, दोन्ही कामे एकदम होत नाहीत खरी.

रजा मंजूर झाली. ६ ऑक्टोबरचे तिकीट काढले आहे.

आणखी एक काम सांगते, शेवटचे. त्या उघड्या जागेवर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिलीने तिच्या कडेकडेने रेघ मारून घ्या. आपण शाळेत नकाशा उतरवून घ्यायचो तशी. आतले बारीकसारीकही जसे असेल तसे उतरू द्या. तो कागद मला पाठवा. ऑक्टोबरपर्यंत तेवढा माझ्याकडे राहील.

हेलन


आचोळे, १७ ऑगस्ट २०२५

हेलनवहिनी,

कागद पाठवू शकत नाही. उतरवून घ्यायला काही नाही.

तुमचे ९ जुलैचे पत्र माझ्या हातात पडले त्याच्या नऊ दिवस आधी गिटार रंगून घरी आली होती. २४ तारखेचे माझे पत्र सगळे खोटे आहे. गुळगुळीत लाकूड, पिवळी रेघ, सगळे आठवून लिहिले. त्या चार दिवसांत दुसरे काही सुचले नाही.

झाले ते क्रमाने सांगतो. आधी ती वसई स्टेशनजवळ गिटारी दुरुस्त करणाऱ्या भूपेशकडे नेली होती. त्याने उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "सर, वायरिंग बघून देतो. बाकी हिला हात लावू नका, असंच राहू द्या." मला वाटले, हल्लीच्या लोकांना काम नको असते. तिथे एक प्रश्न विचारला असता तर त्याने कारण सांगितले असते. मी विचारला नाही. मला उत्तर आधीच माहीत होते.

मग पाचूबंदर. मार्सेलची पद्धत अशी की जुना रंग पार खरवडल्याशिवाय नव्याला तो हात लावत नाही. "जुन्यावर नवा धरनार नाय मास्तर. पार लाकडापरत जावा लागल," म्हणाला. मी शेजारी एका उलट्या होडीवर बसलो होतो. त्याने आधी पत्र्याने खरवडले, मग पॉलिश पेपर मारला. जिथे लाकूड दबले होते तिथे लांबी, म्हणजे रंगाऱ्यांचे पुटीन, भरली आणि पुन्हा घासून सपाट केले. तासभर तरी चालले होते. मी चहा पीत होतो. जीर्णोद्धार म्हणजे काय ते त्याला समजावत होतो, वहिनी. तो हो हो म्हणत होता. भुसा खाली होड्यांच्या खरवडीत पडत होता. तुमचे पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. जागा झाडून झाली होती, होडीही तिथे नव्हती.

आता ती कशी दिसते तेही सांगितले पाहिजे. लाल आहे, लख्ख. वर जाड वॉर्निश आहे, हात ठेवला की घसरतो. आणि मार्सेलने मला न विचारता, आपल्याकडून भेट म्हणून, पुढच्या बाजूला पांढऱ्या-निळ्या अक्षरांत 'सॅन्टन' असे लिहिले आहे, वर छोटा क्रूस. होडीवर नाव घालतात तसे. अक्षर सुरेख आहे. त्या दिवशी ते बघून मला फार आनंद झाला होता. हेही लपवत नाही.

मनोरमा चार आठवडे एकच वाक्य बोलते आहे: "तिने नवऱ्याचा हात मागितला होता. तुम्ही होडी दिलीत."

भूपेशकडे परत गेलो होतो. हे काढून पूर्वीसारखे करता येईल का, विचारले. तो चांगला माणूस आहे, हसला नाही.

क्षमा मागण्याचे शब्द मला तीन भाषांत येतात. एकही लिहिण्याजोगा वाटत नाही.

रामनाथ


मस्कत, २ सप्टेंबर २०२५

रामनाथ भाऊजी,

मला माहीत होते.

उघड्या लाकडाच्या मधोमध एक गाठ होती. सॅन्टनचा हात तिला लागून सोलायचा, म्हणून लग्नाला जाताना तो तिच्यावर चिकटपट्टी लावायचा. पट्टी मीच कापून द्यायची. गुळगुळीत लाकूड, असे तुम्ही लिहिलेत तेव्हाच ओळखले. तरी म्हटले, मास्तर आहेत, गाठ लिहायची विसरले असतील. म्हणून कागद मागितला. त्यावर गाठ उतरेल असे वाटत होते.

तुमच्यावर राग नाही. असता तर बरे झाले असते, काहीतरी करता आले असते.

रजा रद्द केली आहे. मी येत नाही. मिस्सा ठरल्याप्रमाणे होऊ दे. गिटार आल्तारापाशी ठेवा. लोक म्हणतील, हेलनने किती छान ठेवली. तुम्ही हो म्हणा. नंतर ती जो कोणी वाजवेल त्याला देऊन टाका.

मनोरमाताईंना नमस्कार.

हेलन


आचोळे, २६ ऑक्टोबर २०२५

हेलनवहिनी,

मिस्सा झाली. चर्च भरले होते. गिटार फोटोच्या उजव्या हाताला ठेवली होती आणि वरच्या दिव्यात चमकत होती. तुमच्या मोठ्या नणंदेने जवळ जाऊन नावावरून बोट फिरवले आणि नवी घेतली का, असे मला विचारले. मी नाही म्हटले. मग त्या म्हणाल्या, हेलनने किती जपली. तुम्ही सांगितले होते म्हणून मी हो म्हटले.

नंतर गायनमंडळाच्या लोकांना ती घेऊन जा म्हणालो. सगळ्यांनी हातात घेतली, एकाने वाजवून पाहिली, सूर चांगला आहे म्हणाला. पण घेतली कोणीच नाही. शेवटी त्यांच्यातल्या वयस्काने मला बाजूला नेऊन सांगितले की मास्तर, वर गेलेल्या माणसाचे नाव आहे, क्रूस आहे, ही घेऊन लग्नात कसे उभे राहणार? नाव पुसून देतो म्हणालो. तर म्हणाला, सॅन्टनचे नाव पुसलेली गिटार तर मुळीच कोणी घेणार नाही. त्याचे बरोबर आहे.

म्हणून ती पुन्हा रिक्षाने आचोळ्याला आली. दिवाणखान्यात आहे.

एक गोष्ट सांगतो, तिचा तुम्हाला उपयोग नाही. गेले दोन आठवडे शाळेतून आलो की बाही वर करून अर्धा तास उजवा हात तिच्यावर ठेवून बसतो आणि पुढेमागे करतो. वाजवता मला येत नाही. मनोरमेने पहिल्या दिवशी काय चालले आहे विचारले. आता विचारत नाही, चहा डाव्या बाजूला ठेवते.

मार्सेलचा रंग पक्का आहे, खाऱ्या पाण्याला पुरतो. सॅन्टनला सव्वीस वर्षे लागली, तीही लग्नसराईत घाम गाळून. मी छप्पन्न वर्षांचा आहे आणि मला घामही फारसा येत नाही. आणि समजा झिजलीच कधी, तरी ती जागा त्याच्यापेक्षा चार बोटे कमी भरेल. पहिल्या पत्रात वीतभर लिहिले होते, काल त्या मापाने मोजून पाहिले. माझा हात आखूड आहे.

रामनाथ